रग्ना आजीच्या हातातली पांढरी छत्री

आजीला तुम्ही घालवलंत.

पावसानं नाही, म्हातारपणानं नाही, तिच्या लेकानंही नाही. तुम्ही. दूरच्या शहरात, कोरड्या खोलीत, गुळगुळीत टेबलाभोवती बसून तुम्ही ठरवलंत की हॉल्वर बेटावरचं म्हाताऱ्यांचं घर चालवणं परवडत नाही. तुमचा हुकूम बेटावर आला, तुम्ही काही आला नाहीत. आला असतात तर त्या घराची खिडकी दिसली असती, खिडकीतून बंदर दिसलं असतं, आणि बंदरातली कुठली बोट कुणाची हे रग्ना आजीनं चष्मा न लावता तुम्हाला सांगितलं असतं. पण यायचं म्हणजे भिजावं लागतं.

मित्रांनो, दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही. तुम्ही नुसतं ऐका. शेवटी मी एक प्रश्न विचारणार आहे, तेवढा ध्यानात ठेवा.

मी एक जुनी छत्री आहे. पावसाची नाही, उजेडाची. फोटो काढणाऱ्यांकडं असते तसली. दिव्याचा झगझगीत प्रकाश माझ्यात सोडला की तो मऊ होतो आणि माणसाच्या तोंडावर अलगद पडतो. सुरकुत्या राहतात, पण त्या ओरडत नाहीत. एवढंच माझं काम.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथं शेजारच्या रांगेत काळ्या छत्र्या तयार होत. जाड कापडाच्या, दणकट काड्यांच्या. माझं कापड पांढरं आणि इतकं पातळ की पलीकडचा माणूस ओळखू यावा. त्या मला बघून हसायच्या. म्हणायच्या, तुझ्यातून पाणी गळेल गं, तुला घेणार कोण? मला तेव्हा वाईट वाटायचं. पुढं मी जिथं जाऊन पडले तिथं वर्षातले बहुतेक दिवस पाऊस, आणि तिथं त्यांच्यातली एकही टिकली नसती. वारा उलटी करून समुद्रात फेकून देतो.

मला विकत घेतलं मर्ली आबालोसनं. अलास्काच्या खालच्या बाजूला समुद्रात जी बेटं विखुरली आहेत, त्यातल्या हॉल्वर बेटावरची ती एकुलती एक फोटोग्राफर. तिचे आईवडील फिलिपिन्समधून इथल्या मासळीच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. मर्लीचं दुकान जाळी ठेवायच्या वखारीच्या माडीवर. दुकान कसलं, एक खोली. खाली डांबराचा आणि माशांचा वास, वर मी.

मित्रांनो, या बेटावरची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इथं कुणी छत्री वापरत नाही. छत्री म्हणजे बाहेरचा माणूस. उन्हाळ्यात पर्यटकांची मोठमोठी जहाजं लागतात, त्यातून रंगीबेरंगी छत्र्या उतरतात, आणि इथली माणसं कॉफी पीत त्यांची मजा बघतात. स्वतः मात्र डोक्यावर टोपी ओढायची, पायात गुडघ्यापर्यंतचे तपकिरी रबरी बूट चढवायचे आणि चालू लागायचं. शाळेला, चर्चला, मयताला, लग्नाला, सगळीकडं तेच बूट. नवरीसुद्धा झग्याखाली तेच घालते.

आणि छत्र्यांची सगळ्यात मोठी वैरीण रग्ना आजी.

रग्ना आजीचे वडील नॉर्वेहून आलेले. ती स्वतः बेटावरची. उभी हयात कारखान्यात मासे साफ करण्यात गेली, मर्लीच्या आईच्या शेजारी उभं राहून. बोटं वाकडी झाली पण जीभ सरळ राहिली. तिच्या नवऱ्यानं लग्नाआधी बोट बांधली तेव्हा बोटीला तिचंच नाव दिलं. 'रग्ना'. आजी म्हणायची, त्यानं तोंडानं कधी एक गोड शब्द काढला नाही, बोटीवर रंगवून मोकळा झाला. त्या घरातल्या प्रत्येक नवरीचा फोटो त्याच बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, निघायचा. आजीचा निघाला, तिच्या सुनेचा निघाला.

आमची पहिली भेट झाली ती मर्लीच्या खोलीत. आजी नवऱ्याला घेऊन फोटो काढायला आली होती. मी दिव्यापुढं उघडी. आजी दारातच थबकली आणि मर्लीला म्हणाली, "घरात पाऊस पडतो का गं तुझ्या?"

मर्लीनं समजावलं की ही पावसाची नव्हे. आजीनं मला खालून वर न्याहाळलं. पांढरी आहे, दांडा आहे, उघडते, मिटते. मग छत्रीच ती, असा तिनं निकाल दिला आणि फोटोभर माझ्याकडं पाठ फिरवून बसायचा प्रयत्न केला. फोटो मात्र झकास आला. आजीनं तो दिवाणखान्यात लावला, आणि पुढं कुणी फोटोचं कौतुक केलं की ती श्रेय कॅमेऱ्याला द्यायची. मला कधी नाही.

ती वर्षं माझी भरभराटीची. बेटावरची बाळं माझ्या उजेडात पहिल्यांदा फोटोत आली. आजीची नात सिग्ने, दात नसलेली, माझ्याकडं बघून खिदळली तो फोटो अजून आहे. शाळा संपवणारी पोरं, पन्नाशी गाठलेली लग्नं, आणि स्वतःएवढा मासा मिठीत धरून उभे असलेले बाप्ये, ज्यांना बायकोपेक्षा मासा नीट दिसायला हवा असायचा. सगळ्यांना मी उजेड दिला. माझी स्तुती झाली, मर्लीनं मला मऊ फडक्यानं पुसलं.

मग नवे दिवे आले. चपटे, हलके, छत्रीची गरज नसलेले. माझी एक काडीही तोवर वाकली होती. मर्लीनं मला दाराआड उभं केलं. फेकलं नाही, पण वर्षानुवर्षं उघडलंही नाही. दाराआडून जगाचा एक सांदीएवढा तुकडा दिसतो. तेवढ्यात मी राहिले.

त्या सांदीतूनच मी तुमच्या हुकमाची बातमी ऐकली.

आजी तेव्हा म्हाताऱ्यांच्या घरात होती. पडून कमरेचं हाड मोडलेलं, चाकांची खुर्ची आलेली, उठवायला बसवायला दोन माणसं लागायची. तिचा लेक अर्विड महिना महिना समुद्रावर. तो आईला टाकणारा नव्हे. बोट बंदरात असली की रोज तिच्या खिडकीखाली येऊन हात करायचा. त्या घरात कोरा नावाची परिचारिका होती, ती आजीच्या शिव्या खायची आणि परत द्यायची. आजीचं बरं चाललं होतं. आणि तुम्ही ते घर बंद केलंत. बेटावरच्या म्हाताऱ्यांना शहरातल्या मोठ्या घरात जागा देऊ म्हणालात. शहर म्हणजे बोटीनं दोन रात्री. तिथं कोण कुणाला हात करणार?

सिग्नेचं लग्न वसंतात ठरलं होतं. ते ओढून ऑक्टोबरात आणलं, आजी जायच्या आत. नवरा वेस्ली. त्याची माणसं या बेटावर सगळ्यांच्या आधीपासूनची. आजी त्याला म्हणायची, तुझ्या पणज्यानं माझ्या बापाला इथं उतरू दिलं ही त्याची चूक. वेस्ली म्हणायचा, अजूनही विचार करतोय आम्ही. दोघांचं असं जमायचं.

आजीनं एकच गोष्ट मागितली होती. बोटीवरचा फोटो. सिग्ने, वेस्ली, बोट आणि आपण, एका चौकटीत. शहरात नेण्यासारखं दुसरं काही नाही माझ्याकडं, असं ती कोराला म्हणाली होती.

बेत पक्का होता. दुपारी उशिरा भरती. इथं भरती-ओहोटीत पाणी दोन माळे वरखाली होतं. धक्क्यावरून बोटींकडं एक लाकडी उतार जातो, त्याचं खालचं टोक पाण्यावर तरंगतं. भरतीला तो सपाट होतो, खुर्ची ढकलत न्यावी. ओहोटीला तोच शिडीसारखा उभा. म्हणून लग्न, जेवण, भरतीला फोटो, आणि संध्याकाळच्या सरकारी बोटीनं आजी शहराला. पण त्याच सकाळी निरोप आला की वादळ येतंय, बोट लवकर सुटेल. दुपारीच. म्हणजे ऐन ओहोटीला.

आणि पाऊस असा, की कोसळतोय म्हणावं तर थांबण्याची आशा वाटेल. तो नुसता होता. सगळीकडं.

नवा दिवा पावसात नेता येईना. मर्लीनं दार ओढलं, माझ्यावरची धूळ फुंकली आणि मला काखेत मारलं. म्हणाली, चल म्हातारे.

लग्न सभागृहात लागलं. बटाट्याच्या लुसलुशीत पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या, धुरावलेला सामन मासा, मर्लीच्या आईनं केलेल्या शेवयांचं घमेलं. सगळे जेवले, पण घास गिळताना घड्याळाकडं बघत. पोळी हातातच घेऊन वऱ्हाड धक्क्यावर निघालं. रबरी बूट वाजवत, टोप्या ओढून, आणि कुणाच्याही हातात छत्री नाही. आजीच्या अंगावर तिच्या आजीचा लोकरीचा नॉर्वेचा पोशाख, छातीवर चांदीचे बिल्ले, डोकं उघडं. तो पोशाख भिजेल, हे एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? पावसाचा विचार करायची सवयच नाही इथं.

उताराच्या तोंडाशी येऊन सगळे थांबले. खाली बघितलं. ओलं लाकूड, वर शेवाळ, आणि उतार विहिरीत सोडल्यासारखा. अर्विड म्हणाला, आम्ही चौघं उचलतो. कोरा म्हणाली, एकाचा पाय घसरला तर मोडलेलं हाड परत मोडेल, मी खुर्ची सोडणार नाही. दोघांत जुंपणार असं दिसलं, तेव्हा मर्ली मध्ये पडली. तिनं धक्क्याचा कठडा बघितला, खालची बोट बघितली, आणि सांगितलं की आजी वरच कठड्याशी बसेल, नवरानवरी खाली बोटीच्या नाळेवर उभी राहतील, आणि मी बोटीत उताणी पडून खालून वर फोटो काढीन. तिघं एका चौकटीत येतील. बोटीचं नाव लिहिलेलं, बुडत्याला फेकायचं ते गोल कडं आजीच्या शेजारी टांगा, म्हणजे बोटही आली.

"आणि माझं तोंड?" आजीनं विचारलं. "एवढ्या खालून दिसायचं का ते?"

"त्यासाठी ही आहे," म्हणून मर्लीनं मला काढलं.

आजीनं माझ्याकडं बघितलं. मीही तिच्याकडं. मधे एवढी वर्षं गेली होती, पण तिनं ओळखलं.

"ही अजून जिवंत आहे?"

मर्लीनं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. पण आजी ऐकेना. म्हणाली, माझ्या डोक्यावर छत्री आणि खाली अख्खं बंदर बघतंय? जहाजातून उतरलेली पाहुणी आहे का मी? इथं जन्मले, इथं भिजले, फोटोतही भिजलेलीच दिसेन. मर्लीनं हार मानली. मला मिटून आजीच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलं, पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फ्लॅश कठड्यावर बांधला, आणि बूट रोवत रोवत खाली गेली.

फ्लॅश एकदा उडाला, दोनदा उडाला, आणि पिशवीत शिरलेल्या पाण्यानं मेला. मर्लीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. सिग्ने सुंदर, वेस्ली सुंदर, आणि वर राखाडी आभाळापुढं एक काळा डाग. आजी. तोंडच नाही.

सिग्ने म्हणाली, "बाबा, डेकचे दिवे लावा."

अर्विडनं बोटीवरचे मोठे दिवे लावले, अंधारात जाळी ओढताना लावतात ते, आणि वर आजीवर वळवले. आजीनं डोळ्यांवर हात धरला. वरून ओरडली की डोळे फोडतोस का रे मेल्या आईचे. हात काढला तेव्हा खालून आलेल्या त्या कडक उजेडात तिच्या तोंडाची भीती वाटावी अशा सावल्या पडल्या. सिग्नेनं पडद्यावर बघितलं आणि कॅमेरा मर्लीला परत दिला. हा फोटो आजीनं शहरात भिंतीवर लावायचा?

काय हवं ते मर्लीला कळत होतं. मलाही कळत होतं. मी खुर्चीच्या पाठीला लोंबत होते, आणि मला जीभ नव्हती. मर्लीला होती, पण तिला पुन्हा मागायचा धीर होईना.

तेवढ्यात सरकारी बोटीचा भोंगा वाजला. लांब, एकसुरी. बेटावरच्या माणसाला तो भोंगा पाठ असतो, पण त्या दिवशी कुणाला तो ऐकायचा नव्हता.

आजी बोटीकडं बघत राहिली. मग मान न वळवता कोराला म्हणाली, "दे ती इकडं. उघडून दे."

कोराला कळेना. अर्विड खालून ओरडला, "आई, तू? छत्री?"

"का? इथं छत्री कोण घेतं?" आजीचा आवाज खालीपर्यंत खणखणीत गेला. "बाहेरचे घेतात ना? मग आजपासून मी कोण?"

अर्विड दिव्याशी मान खाली घालून उभा राहिला. कोरानं मला उघडलं. वाकडी काडी कुरकुरली. आजीच्या वाकड्या बोटांनी माझा दांडा धरला, आणि ती पकड मी विसरणार नाही. वाऱ्यानं मला दोनदा हिसडा दिला. आजी हलली नाही.

अर्विडनं दिवे तिच्या तोंडावरून जरा वर, माझ्याकडं वळवले आणि ते सगळे माझ्यात शिरले. जाळ्यांचे, रात्रपाळीचे, कडक, ओबडधोबड दिवे. मी ते पोटात घेतले आणि मऊ करून तिच्या तोंडावर सांडले. तिच्याच नावाच्या बोटीनं तिला उजेड दिला, आणि तो माझ्या हातून दिला. एवढ्या वर्षांत एवढं मोठं काम मला मिळालं नव्हतं.

मग आजीच्या नाकावर थेंब पडला. तिनं वर बघितलं.

"गळते गं ही!"

"पावसाची नाहीच ती, आजी," मर्ली खाली उताणी पडल्या पडल्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाऊस जात होता, का दुसरं काही, ते मला वरून दिसलं नाही. "कधीपासून सांगतेय."

"बरं झालं," आजी म्हणाली. "निदान भिजून तरी जाईन."

आणि हसली. तोच फोटो.

त्यानंतर सगळं भराभर झालं. वऱ्हाड खुर्ची ढकलत सरकारी बोटीच्या धक्क्याला आलं. सिग्नेनं बूट आणि झगा सांभाळत आजीला मिठी मारली ती सुटेचना. वेस्ली म्हणाला, आम्ही विचार करून ठरवलं, तुझ्या बापाला उतरू दिलं ते बरंच केलं. आजीनं त्याच्या टोपीवर टप्पल मारली. मर्लीनं माझा दांडा धरला तर आजी सोडेना.

"ही तुझी ना?"

"माझीच," मर्ली म्हणाली. "राहू दे. परत याल तेव्हा घेऊन या."

आजीनं तिच्याकडं टक लावून बघितलं. "म्हणजे मला यावंच लागणार."

"लागणारच."

अशी मी या शहरात आले. आजीच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी असते. इथली माणसं वाईट नाहीत, नीट जेवू घालतात, वेळेवर कूस बदलून देतात. झाडायला येणाऱ्या बाईनं मला एकदा मोडकी म्हणून कचऱ्यात टाकायला उचललं, तेव्हा आजीनं असा आवाज काढला की मजल्यावरचे सगळे जागे झाले. भिंतीवर फोटो आहे. खिडकी आहे. खिडकीतून गाड्या लावायचं पटांगण दिसतं. इथंही पाऊस पडतो, खाली काळ्या छत्र्या उघडतात, आणि आजी बघत राहते. कुणाची उलटत नाही. आजी म्हणते, वारासुद्धा मिळमिळीत आहे इथला.

मर्लीचा फोन येतो. ती तब्येत विचारत नाही. ती विचारते, माझी छत्री कधी आणताय? सिग्नेला दिवस गेलेत. बाळाचा पहिला फोटो त्याच छत्रीखाली काढायचा, जसा सिग्नेचा काढला होता, असं ठरलंय. आजी दर वेळी म्हणते, आणते गं, जरा कमरेला बरं वाटू दे. फोन ठेवला की माझ्याकडं बघते. कमरेचं आम्हा दोघींना माहीत आहे. बरं वाटण्याचा प्रश्नच नाही. तिकडं तिला निजवायला खाट नाही, उठवायला कोरा नाही. कोरा आता दुसऱ्या गावी दुकानात काम करते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी हात जोडून सांगायचं असतं की आम्हाला फेकू नका, जपून वापरा. ते मी सांगणार नाही. मला जपलंय. वाकड्या काडीसकट, गळक्या कापडासकट जपलंय, आणि तेही जिला माझं तोंड बघवत नव्हतं तिनं. एका बाईनं एका छत्रीसाठी एवढं केलं.

तर आता तुम्ही सांगा, गुळगुळीत टेबलवाल्यांनो. मी दुसऱ्याची वस्तू आहे, मला परत जायचंय. एकटीला मला जाता येत नाही, आजी घेऊन जाईल तेव्हाच. बेटावरच्या त्या घराला तुम्ही कुलूप लावलंत. खिडकी आहे तिथंच आहे, बंदर आहे तिथंच आहे, खाली 'रग्ना' बांधलेली आहे. बाळ यायच्या आत ते कुलूप काढणार आहात की नाही?

आजी जागी आहे. मीही उभी आहे. उत्तर द्या.